कारणाचा रकाना

अकरा वर्षं आम्ही खोटं लिहिलं, आणि एका यंत्राने ते सगळं खरं मानलं. गोष्ट एवढीच आहे. पण त्यापायी एक अख्खं शहर गोठायची वेळ आली होती आणि अडतीस माणसांच्या पोटावर पाय येणार होता, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी वृषाली मगदूम. वय सत्तेचाळीस. कोल्हापुरात शिरोलीच्या रस्त्याला एका फौंड्रीच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली लोखंड वितळतं आणि वर आम्ही युरोपच्या उत्तर टोकाच्या व्हेस्टरहोल्म नावाच्या शहराला ऊब पुरवतो. तिथे घरोघरी शेगड्या नाहीत. एका मोठ्या प्लँटमध्ये पाणी तापवतात आणि जमिनीखालच्या नळांतून ते साठ हजार घरांत फिरवतात. पंप, व्हॉल्व्ह, दाब मोजणारे सेन्सर, सगळं कॉम्प्युटरवर चालतं, आणि त्या कॉम्प्युटरपुढे आम्ही बसतो. आम्हीच का? स्वस्त म्हणून. हे सांगायला मला लाज वाटत नाही. कुणीतरी स्वस्त असतोच, आमच्या आधी पुणं होतं.

आणि पुण्याच्याही आधी हे काम आर्ने नावाच्या माणसाचं होतं. २०१८ साली मी पुण्याच्या ऑफिसात नवी होते, सव्वीस वर्षांची. त्याचं काम मला द्यायचं ठरलं आणि त्यानेच मला स्क्रीनवरून तीन महिने शिकवलं. मी शिकले की तो घरी, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "पूर्वेच्या टेकडीवर जाणाऱ्या नळाचं एक गुपित आहे. ते तुला सांगायचं नाही असं मी एकोणनव्वद दिवस ठरवलं होतं."

"मग आज का सांगतोयस?" मी विचारलं.

"मी त्याच टेकडीवर राहतो," तो म्हणाला.

गुपित असं होतं. कडाक्याच्या थंडीत सकाळी सगळं शहर एकदम उठतं, सगळीकडे ऊब लागते आणि टेकडीवरच्या नळातला दाब पडतो. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे सुटतात, तशी दाब पडला की पाण्यात विरलेली हवा सुटते. ती नळाच्या सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते आणि पाण्याची वाट अडवते. अशा वेळी कुणालाही वाटेल, पंप जोरात चालवावा. तिथेच चूक होते. जोर लावला तर पाणी त्या हवेवर आदळतं आणि नळ फुटतो. करायचं उलटं. पंप हळू करायचा, हवा एका जागी गोळा होऊ द्यायची आणि वरचा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडून ती सोडून द्यायची.

आम्ही हेच करत आलो. त्या नळाला आम्ही 'आत्याबाई' म्हणायचो, कारण थंडी पडली की त्या हमखास रुसायच्या. तीन नंबरचा मोठा पंप म्हणजे 'पैलवान'. आठ तासांची पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला तोंडी सगळं सांगायचा, "आत्याबाई रुसल्यात, पैलवानाला दमानं घ्यायला लावलंय, पोटातला वारा सोडलाय, आता गप हायत." येणाऱ्याला एका वाक्यात सगळं समजायचं. ही पंधरा मिनिटं नियमाप्रमाणे रेकॉर्ड व्हायची. ती कुणीच ऐकत नसे.

ही झाली बोलायची वही. लिहायची वही वेगळी होती. अकरा वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाकडून नवा फॉर्म आला. प्रत्येक बिघाडाची नोंद करायची आणि कारणाच्या रकान्यात नऊपैकी एक कारण निवडायचं. 'सेन्सरचा दोष' निवडलं की चार मिनिटांत सुटका. दुसरं काहीही निवडलं की चौदा प्रश्न, तिकडच्या साहेबाची मंजुरी, आणि वर आमच्या पाळीचे गुण कापले जायचे. नळात हवा अडकते हे तर नवांत नव्हतंच. मग काय, आधी दुरुस्ती करायची आणि नंतर डोळे झाकून 'सेन्सरचा दोष' लिहायचं. बिचारा सेन्सर दर वेळी खरंच सांगत होता आणि दर वेळी आम्ही त्याला खोटं पाडत होतो. नव्या पोरांना हे कुणी शिकवलं? मीच शिकवलं. हुशारी वाटायची तेव्हा.

२०३९ च्या जुलैत आमच्या जागी बसायला 'अनुकार' नावाचं यंत्र आलं, आणि ते घेऊन आली तेजल चौगले. तेजल माझ्याच हाताखाली दोन वर्षं शिकली होती. पुढे ती हे यंत्र बनवणाऱ्या बेंगळुरूच्या कंपनीत गेली. पेढे घेऊन आली, पाया पडली आणि म्हणाली, "ताई, मला माफ करा. मी नसते आले तर दुसरं कुणी आलं असतं."

"दुसरं कुणी आलं असतं तर मी चहा दिला नसता," मी म्हणाले. "बस."

अनुकाराचं तंत्र समजायला अवघड नाही. ते माणसाचं काम बघून शिकतं. डोळा आधी कुठे जातो, बोट कोणत्या बटणावर घुटमळतं, कधी माणूस थांबतो, हे सगळं ते नव्वद दिवस टिपतं. पण ते नव्वद दिवस जुलै ते ऑक्टोबर होते, आणि हिवाळ्यासाठी थांबायला कुणाला सवड नव्हती. म्हणून हिवाळा त्याला आमच्या नोंदवहीतून शिकवला. एका बाजूला सेन्सरचे आकडे, दुसऱ्या बाजूला कारण. असे आकडे आले की असं कारण असतं, हे सूत्र यंत्र स्वतः शोधून काढतं. आम्ही पंपाला नेमकं काय केलं याची नोंद तिकडचा प्लँट दोनच वर्षं ठेवतो, आणि ते दोन्ही हिवाळे नावापुरते गेले होते. त्यामुळे टेकडीवरचा दाब पडला की यंत्राला आमच्या वहीतून एकच शिकवण मिळाली. सेन्सर खोटं बोलतोय, लक्ष देऊ नकोस.

मग परीक्षा झाली. वहीतल्या काही नोंदी झाकून ठेवल्या आणि यंत्राला त्यांची कारणं विचारली. शंभरात नव्याण्णव उत्तरं बरोबर! येणारच की. प्रश्नपत्रिका आमच्या खोट्या वहीतली आणि उत्तरंही त्याच वहीतली.

डिसेंबरात पत्र आलं. जानेवारीभर शहर अनुकार चालवेल, आम्ही हात न लावता नुसतं बघायचं. मग एकतीस जानेवारीला आमचं काम संपणार.

इरफान मुल्लाणी माझ्याबरोबर वीस वर्षं आहे. त्याने पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे बघून हसला.

"ताई, गप बसा. खरी थंडी पडली की ते यंत्र पडतंय तोंडावर. मग येतील बघा झक मारत आपल्याच दारात."

"आणि तोवर नळ फुटला तर?"

"आपल्याला यंत्रानं इचारलं का? न्हाई. मग?"

खरं सांगते, मला ते पटलं. चांगले दोन आठवडे पटलं. अडतीस माणसं आहेत माझ्याकडे. कुणाचं घराचं कर्ज, कुणाची पोरगी मेडिकलला. आणि तोंड उघडलं तर अकरा वर्षांची चोरी आपल्याच तोंडाने कबूल करायची. गप्प बसण्यात सगळ्या बाजूंनी फायदा होता.

अकरा जानेवारीला हवामानाचा अंदाज आला. एकोणीस तारखेला उणे एकोणतीस. त्याच दिवशी आर्नेचा फोटो आला, नव्या वर्षाचा तो दर वर्षी पाठवतो, जरा उशिराच. त्याला नात झाली होती, अठरा दिवसांची. टेकडीवरच्या घरात, खिडकीशी, आजोबांच्या मांडीवर. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले आणि मला स्वतःचा राग आला. त्या माणसाने नोकरी जाताना मला खरं सांगितलं होतं, आणि मी इथे हिशेबीपणाने तोंड शिवून बसले होते.

मी पुण्याला परचुरेसाहेबांना फोन लावला. सलील परचुरे म्हणजे आमच्या कंपनीचे मोठे साहेब.

"वृषालीताई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?" ते ओरडलेच. "अकरा वर्षं खोट्या नोंदी केल्या असं गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायचं? कंत्राट तर गेलंच आहे, आता कोर्टाची पायरी चढायची का?"

"साहेब, माणसं गारठून मरतील."

"यंत्र नव्याण्णव टक्के बरोबर आहे. तुम्ही विषय बंद करा."

मी फोन बंद केला. विषय नाही. दुसऱ्या मिनिटाला व्हेस्टरहोल्मच्या सोल्वेगला लावला. शहराच्या उष्णता खात्याची ती प्रमुख. कमी बोलते आणि जे बोलते ते तोलून. मी तिला सगळं सांगितलं, मी स्वतः पोरांना खोटं लिहायला शिकवलं हेसुद्धा.

"तुमची नोकरी जाणार आहे," ती म्हणाली. "अशा वेळी तुम्ही हे सांगताय. पुरावा काय?"

पुरावा नव्हता. वहीच माझ्या विरुद्ध साक्ष देत होती. "दोन दिवस द्या," एवढंच मला म्हणता आलं.

फोन ठेवून वळले तर मागे तेजल उभी. अनुकारासाठी ती आमच्याच ऑफिसात बसायची, तिने सगळं ऐकलं होतं.

"ताई, पुरावा आहे. पाळीबदलाची रेकॉर्डिंग्ज. अकरा वर्षांची, बारा हजार. ती यंत्राला द्यायच्या यादीत होती. मी काढून टाकली."

"का गं?"

"त्यांचं भाषांतर होऊन गोऱ्या लोकांसमोर जाणार होतं. आत्याबाई, पैलवान, पोटातला वारा... मला वाटलं, आपली शोभा होईल. लोक म्हणतील, ही असली गावंढळ माणसं आमचं शहर सांभाळतात. म्हणून फॉर्मवर लिहिलं, कर्मचाऱ्यांच्या खाजगी गप्पा, कामाशी संबंध नाही. मला तुमची अब्रू राखायची होती, ताई."

मला इतका संताप आला की हात उचलला जातो की काय असं वाटलं. आणि लगेच कळलं, मी तरी काय वेगळं केलं होतं? चौकटीत नीट दिसावं म्हणून मीही खरं झाकलंच होतं. माझीच शिष्या ती.

"रडत बसू नकोस," मी म्हणाले. "हेडफोन घाल."

अडतीस माणसं कामाला लागली. रजेवरची आली, बाळंतपणाच्या रजेवरची एक घरून ऐकू लागली. वहीत 'सेन्सरचा दोष' लिहिलेला हिवाळ्यातला दिवस काढायचा आणि त्या दिवशीची पाळीबदलाची पंधरा मिनिटं ऐकायची. एकेक जण मध्येच खो खो हसायचा, कारण त्या बोलण्यात लग्नं होती, भांडणं होती, रिटायर झालेल्यांचे आवाज होते. पण प्रत्येकात खरं कारणही होतं. दोन दिवसांत चारशे बारा नोंदी हाती आल्या. चारशे बारा वेळा आत्याबाई रुसल्या होत्या आणि चारशे बारा वेळा आम्ही सेन्सरवर आळ घेतला होता. खाली अर्थ लिहून आम्ही सगळं सोल्वेगला पाठवलं.

यंत्राला चार-पाच दिवसांत नव्याने शिकवणं शक्य नव्हतं. सोल्वेगने मधला मार्ग काढला. "एकोणीस तारखेला ताबा घ्यायचं बटण तुमच्याकडे राहील. पण विनाकारण दाबलंत तर कंत्राट त्याच दिवशी संपेल, आणि खोट्या नोंदींची चौकशी लागेल. मान्य?"

"मान्य," मी म्हणाले.

एकोणीस जानेवारी. आमचे सकाळचे साडेदहा म्हणजे त्यांचे सहा. तिकडे बाहेर उणे एकतीस. अंदाजापेक्षाही दोनने खाली. टेकडीवरचा दाब पडायला लागला. पाच, चार, साडेतीन. अनुकाराने शांतपणे स्क्रीनवर लिहिलं, 'सेन्सरचा दोष. दुर्लक्ष.' आणि गरज वाढली म्हणून पैलवानाचा वेग वाढवला.

माझेच शब्द होते ते. यंत्राने फक्त आज्ञा पाळली होती.

मी बटण दाबलं. "इरफान, पैलवानाला दमानं घे."

"घेतलं, ताई. ऐंशी, साठ, चाळीस."

सोल्वेगचा आवाज स्पीकरवर चढला. "तुम्ही पंप कमी करताय? तिथे सहा हजार घरं आहेत! तापमान उतरतंय!"

"उतरू दे. मला दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटांत लहान मुलं..."

"माहीत आहे मला!" मी ओरडले. गिऱ्हाइकावर जन्मात पहिल्यांदा ओरडले.

हवा गोळा झाली. मी टेकडीवरचा व्हॉल्व्ह उघडायची आज्ञा दिली. काही हललं नाही. पुन्हा दिली. नाही. इरफानने माझ्याकडे बघितलं. "मोटार गोठली, ताई."

सोल्वेगचा माणूस बर्फातून तिथे पोचायला अर्धा तास लागला असता. तेवढ्यात टेकडीवरच्या घरांतलं पाणी जागच्या जागी गोठलं असतं. त्या नळाची सगळ्यांत उंच जागा एका इमारतीच्या तळघरात आहे, आणि ती इमारत कुणाची हे मला पक्कं माहीत होतं. मी आर्नेला फोन लावला.

"तळघरात जा. पूर्वेच्या भिंतीला हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह आहे."

"मला सांगतेस?" शहात्तर वर्षांचा म्हातारा फिस्कारला. "तो बसवला तेव्हा तू शाळेत होतीस."

जिन्यावरून त्याची धाप ऐकू येत होती. मग लोखंडावर हातोडीचे ठोके. एक, दोन, पाच. आमच्याकडे अडतीस माणसं फोनभोवती उभी होती. आणि मग फोनमधून आवाज आला, शूऽऽऽ, लांबलचक, संपता संपेना असा. त्यामागून पाण्याचा गुळगुळ आवाज.

"सुटला!" आर्ने ओरडला.

"सुटला गं बाई!" मागून कोणीतरी किंचाळलं. दाब दोनवरून तीन झाला, चार झाला, सहावर जाऊन थांबला. मी इरफानला पैलवान हळूहळू वर घ्यायला सांगितलं, पण ते त्याला ऐकू गेलं नाही, इतका गोंगाट चालला होता. खालच्या फौंड्रीतली माणसं काय झालं म्हणून जिना चढून आली आणि काही न कळताच टाळ्या वाजवू लागली. तेजल माझ्या गळ्यात पडून रडत होती. मीही रडत होते. जिंकल्यावर रडू येतं हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सोल्वेगने दुसऱ्या दिवशी तो सेन्सर उतरवून तपासून घेतला. केसभरही चुकलेला नव्हता. पंपाचा वेग आणखी सहा मिनिटं तसाच वाढत राहिला असता तर नळ फुटला असता, असं तिच्याच इंजिनिअरांनी काढलं. तिने कंत्राट थांबवलं नाही. उलट तिला ती बारा हजार रेकॉर्डिंग्ज हवी होती, अनुकाराला खरं शिकवायला.

परचुरेसाहेब तिसऱ्या दिवशी कोल्हापुरात हजर. हातात पुष्पगुच्छ. "आपली रेकॉर्डिंग्ज म्हणजे खजिना आहे, वृषालीताई! कंपनी ती शहराला देईल, करार मी करतो."

इरफानने टेबलावर एक कागद ठेवला. तेजलने भरलेला तो फॉर्म. 'कर्मचाऱ्यांच्या खाजगी गप्पा. कंपनीच्या कामाशी संबंध नाही. कंपनीचा यावर हक्क नाही.' खाली सही, सलील परचुरे.

"साहेब, ह्या तर आमच्या गप्पा की ओ," इरफान म्हणाला.

साहेबांनी कागद तीनदा वाचला. वकिलाला फोन केला. वकील बहुधा खरा माणूस असावा, कारण साहेब फोन ठेवून खुर्चीत बसले ते उठेचनात.

पुढचं सोपं होतं. कोल्हापूरच्या माणसाला सहकारी संस्था कशी काढायची हे शिकवावं लागत नाही. दोन माणसं भेटली की अध्यक्ष कोण यावर भांडण सुरू होतं. आमचंही झालं, आठवडाभर. मग मला अध्यक्ष केलं आणि अडतीस जणांच्या संस्थेने व्हेस्टरहोल्मशी थेट दहा वर्षांचा करार केला. अनुकार राहील. रटाळ तास ते सांभाळेल, थंडीच्या सकाळी आम्ही. त्याला शिकवायचं आम्ही, आमच्या अटींवर, आणि कारणाचा रकाना मोकळा राहील. नऊ पर्याय गेले.

"मग आमच्या कंपनीने काय करायचं?" परचुरेसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही फॉर्म भरा, साहेब," इरफान म्हणाला. "चौदाच प्रश्न असत्यात."

मार्चमध्ये शेजारच्या दोन शहरांनी विचारणा केली. त्यांच्याकडेही यंत्र आलं होतं आणि त्यांच्याही वह्या कुणीतरी चार मिनिटांत भरलेल्या होत्या. वीस वर्षं मी फक्त माणसं कमी केल्याच्या बातम्या वाचल्या, आणि आता मी जाहिरात लिहायला बसले. पाहिजेत, साठ जागा. शिक्षणाची अट फार ठेवली नाही. अर्जात एकच प्रश्न विचारला: आधीची नोकरी का सोडली? कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.

पहिल्या दिवशी चारशे अर्ज आले. बहुतेकांनी लिहिलं होतं, प्रगतीची संधी, नवीन आव्हाने. मी भराभर बाजूला सारत होते. एका अर्जाशी थांबले. हस्ताक्षर ओळखीचं होतं, नाव तेजल चौगले. प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'मला माझ्या माणसांच्या बोलण्याची लाज वाटली. आता वाटत नाही.'

मी तिला सोमवारपासून पहिल्या पाळीवर यायला सांगितलं.